सबनेटच्या सीमेवरील दूरस्थ सर्व्हर-व्यवस्थापन : प्रचलित दोषनिवारण पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले, तेव्हा टपालाच्या बाबतीत एक साधा पण त्रासदायक प्रश्न निर्माण झाला. याच नावाचे दुसरे गाव, म्हणजे संत गजानन महाराजांचे शेगाव, बुलढाणा जिल्ह्यात मुंबई-नागपूर लोहमार्गावर होते आणि गांधीजींची पत्रे चुकून तिकडे जात. अखेर १९४० मध्ये वर्ध्याच्या शेगावचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. या गोंधळात पत्र लिहिणाऱ्याचा किंवा ते वाहून नेणाऱ्याचा दोष नव्हता. प्रत्येकाने आपापला नियम पाळला होता. दोष पत्त्याच्या व्यवस्थेत होता आणि त्यावरील उपायही तेथेच करण्यात आला.

संगणकाच्या जाळ्यांमध्ये आज याच स्वरूपाचे प्रश्न रोज उद्भवतात. मात्र त्यांचा विचार इतक्या नेमकेपणाने होताना दिसत नाही. तहसील कार्यालयात, सेतू केंद्रात, बँकेत किंवा महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे एकच वाक्य ऐकू येते. सर्व्हर बंद पडला आहे, त्याच्यापर्यंतचा मार्ग तुटला आहे, वाटेतील फायरवॉलने अडविले आहे की सर्व्हरने ओळख नाकारली आहे, या चार अत्यंत भिन्न गोष्टी या एका वाक्यात लपून जातात. सर्व्हर ज्या सबनेटमध्ये आहे त्याहून वेगळ्या सबनेटमधून त्याचे व्यवस्थापन करावयाचे असते, तेव्हा हा गोंधळ अधिकच वाढतो. अशा प्रसंगी प्रचलित असलेल्या दोषनिवारण पद्धतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. सबनेटच्या सीमेवर होणारा नकार हा पुष्कळदा बिघाड नसून नियमाचे योग्य पालन असते आणि तो बिघाड समजून सीमाच पुसून टाकणे हा प्रचलित पद्धतीतील मूलभूत दोष आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

सबनेट : सोय आणि सीमा

एका संस्थेला मिळालेल्या पत्त्यांचे लहान लहान गट पाडण्याची पद्धत १९८५ साली आरएफसी ९५० या दस्तऐवजाने प्रमाणित झाली. एका गटातील संगणक परस्परांशी थेट बोलतात. दुसऱ्या गटाशी बोलावयाचे झाल्यास निरोप राऊटरकडे सोपवावा लागतो. आरंभी ही केवळ मार्ग शोधण्याची सोय होती. पुढे या सोयीला सुरक्षिततेचा अर्थ प्राप्त झाला. ‘आपल्या सबनेटमधील तो आपला, बाहेरचा तो परका’ अशी एक धारणा प्रणालींच्या रचनेत शिरली.

या धारणेचे ठळक उदाहरण विंडोज प्रणालीत आढळते. या प्रणालीतील दूरस्थ व्यवस्थापनाची विनआरएम ही सेवा ५९८५ व ५९८६ या पोर्टवर चालते. सर्व्हरचे जाळे ‘डोमेन’ किंवा ‘खाजगी’ या प्रकारात मोडत असेल तर व्यवस्थापनाची विनंती अन्य सबनेटमधूनही स्वीकारली जाते. परंतु तेच जाळे ‘सार्वजनिक’ या प्रकारात गणले गेले, तर पूर्वनिर्धारित नियमानुसार केवळ त्याच सबनेटमधील संगणकांना प्रवेश मिळतो. परिणामी एकाच खोलीतील संगणकावरून सर्व्हर व्यवस्थित चालविता येतो आणि पलीकडच्या इमारतीतून मात्र तो मिळत नाही. राऊटर निर्दोष असतो, वायर निर्दोष असते, सर्व्हरही निर्दोष असतो. नकार देणारा नियम सर्व्हरच्या आतच बसलेला असतो.

हा प्रकार अचानक का घडतो, याचे स्पष्टीकरणही उद्‌बोधक आहे. वीज जाऊन परत आल्यावर सगळी यंत्रे एकाच वेळी सुरू होतात. डोमेनची ओळख देणारा मुख्य सर्व्हर उशिरा सुरू झाला, तर इतर सर्व्हरला आपण कोणत्या जाळ्यात आहोत याची खात्री पटत नाही आणि ते स्वतःला ‘सार्वजनिक’ जाळ्यात समजू शकतात. आदल्या दिवशी सुरळीत असलेली व्यवस्था कोणीही काही न बदलता दुसऱ्या दिवशी अडते. उन्हाळ्यात आणि वादळी पावसात वीज ये-जा करणाऱ्या विदर्भासारख्या प्रदेशात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

नकाराचे वाचन

दोषनिवारण ही मुख्यतः वाचनाची क्रिया आहे. सर्व्हरकडून येणारे उत्तर, किंवा उत्तराचा अभाव, हा एक मजकूरच असतो. त्याचे तीन मुख्य प्रकार सांगता येतात. पहिला प्रकार म्हणजे दीर्घकाळ वाट पाहूनही काहीच उत्तर न येणे. येथे बहुधा वाटेतील किंवा सर्व्हरवरील फायरवॉलने निरोप निमूटपणे टाकून दिलेला असतो, अथवा परतीचा मार्ग नसतो. दुसरा प्रकार म्हणजे तत्काळ मिळालेला नकार. यावरून निरोप पोचला, परंतु त्या पोर्टवर ऐकणारी सेवा चालू नाही, असे बहुधा अनुमान निघते. तिसरा प्रकार म्हणजे संपर्क होऊन प्रवेश नाकारला जाणे. येथे जाळ्याचा प्रश्न संपलेला असतो आणि ओळखीचा व अधिकाराचा प्रश्न सुरू होतो. या तीन उत्तरांतील भेद न करता केलेली प्रत्येक दुरुस्ती अंधारात केलेली असते.

येथे एका विसंगतीची नोंद करणे आवश्यक आहे. विनआरएमचा संपर्क न झाल्यास विंडोज जो सविस्तर संदेश दाखविते, त्याच्या अखेरीस सार्वजनिक जाळ्याच्या नियमात केवळ स्थानिक सबनेटला प्रवेश असल्याचे स्पष्ट नमूद केलेले असते. म्हणजे उत्तर संदेशातच असते. परंतु हा संदेश इंग्रजीत असतो, लांबलचक असतो आणि संगणकाचे नाव, जाळ्याची उपलब्धता, फायरवॉलची सूट अशा शक्यता एकामागून एक मांडल्यानंतर नेमकी गोष्ट शेवटी सांगतो. वाचणारा तेथवर पोचत नाही. हा दोष केवळ वाचणाऱ्याचा मानणे अन्यायाचे ठरेल. ज्या प्रणालीला नकाराचे कारण माहीत असू शकते, तिने ते आरंभीच सांगितले पाहिजे.

पिंग या साधनावर ठेवला जाणारा विश्वासही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. पिंगला उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे, हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो, कारण पिंगला उत्तर देण्याचा नियमही फायरवॉलमध्ये स्थानिक सबनेटपुरता मर्यादित असू शकतो. उलटपक्षी, पिंगला उत्तर आले म्हणून व्यवस्थापनाचे पोर्ट खुले आहे असेही म्हणता येत नाही. हव्या त्या पोर्टचीच चाचणी घेणे हाच यावर उपाय होय.

पत्ता, गेटवे आणि नाव

फायरवॉलकडे वळण्यापूर्वी तपासावयाच्या तीन साध्या बाबी वारंवार राहून जातात. पहिली बाब गेटवेची. एखाद्या सर्व्हरवर गेटवेचा पत्ता भरलेलाच नसेल किंवा चुकीचा भरलेला असेल, तर त्याच्या स्वतःच्या सबनेटमधील सर्वांना तो उत्तर देतो; दुसऱ्या सबनेटमधून आलेली विनंती त्याच्यापर्यंत पोचते, परंतु उत्तर परत जात नाही. लक्षण फायरवॉलसारखेच दिसते, कारण मात्र सर्वस्वी वेगळे असते.

दुसरी बाब सबनेट मास्कची. समजा, एखाद्या महाविद्यालयात कार्यालयासाठी १९२.१६८.१०.० आणि प्रयोगशाळेसाठी १९२.१६८.२०.० अशा दोन पट्ट्या आहेत आणि दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.० असा आहे. कार्यालयातील सर्व्हरवर तो चुकून २५५.२५५.०.० असा भरला गेला, तर प्रयोगशाळेतील संगणक आपल्याच पट्टीत आहे अशी त्या सर्व्हरची समजूत होते. तो निरोप राऊटरकडे देत नाही. आपल्याच गल्लीत शेजाऱ्याला हाक मारत राहतो. शेजारी त्या गल्लीत नसल्यामुळे उत्तर येत नाही.

तिसरी बाब नावाची आणि पत्त्याच्या द्विरुक्तीची. जुन्या पद्धतीत संगणकाचे नाव जाळ्यात मोठ्याने पुकारून शोधले जाई. ही हाक राऊटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे एका सबनेटमध्ये नावाने सापडणारा सर्व्हर दुसऱ्या सबनेटमधून नावाने सापडत नाही, पत्त्याने मात्र सापडतो. येथे डीएनएसमधील नोंद हाच योग्य उपाय होय. पत्त्याने काम भागविल्यास पुढे ओळखीचा प्रश्न उपस्थित होतो, कारण केरबेरॉस ही ओळखपद्धती सामान्यतः नावावर आधारलेली आहे. शिवाय तिला दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा अधिक अंतर पूर्वनिर्धारित मर्यादेत चालत नाही.

द्विरुक्तीचा प्रश्न शेगावच्या पत्रांची आठवण करून देणारा आहे. खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते, आरएफसी १९१८ या १९९६ च्या दस्तऐवजानुसार, कोणतीही संस्था कोणालाही न विचारता वापरू शकते. म्हणून १९२.१६८.१.० ही पट्टी असंख्य घरांत आणि कार्यालयांत एकाच वेळी नांदते. जोवर ही जाळी स्वतंत्र असतात, तोवर काहीच बिघडत नाही. परंतु घरून व्हीपीएनद्वारे कार्यालयाशी जोडून घेताना दोन्हीकडे तीच पट्टी असेल, तर कार्यालयातील सर्व्हरसाठी पाठविलेला निरोप घरातच फिरत राहतो. अशा वेळी फायरवॉलचे नियम कितीही शिथिल केले तरी उपयोग होत नाही. गावाचे नाव बदलावे त्याप्रमाणे एका बाजूची पट्टी बदलणे हाच टिकाऊ उपाय असतो.

प्रचलित उपायांची चिकित्सा

प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी अनुसरला जाणारा क्रम निराळा असतो. प्रथम फायरवॉल पूर्णपणे बंद केली जाते. मग ‘ट्रस्टेड होस्ट्स’ या यादीत तारांकन भरले जाते. या यादीचा अर्थही पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ती सर्व्हरवरील प्रवेशयादी नसून, कोणत्या संगणकांच्या ओळखीची खातरजमा न करता आपण त्यांच्याशी बोलण्यास तयार आहोत, हे सांगणारी व्यवस्थापकाच्या संगणकावरील यादी आहे. तेथे तारांकन भरणे म्हणजे सर्व्हर असल्याचे सोंग करणाऱ्या कोणत्याही यंत्रापुढे ओळखपत्र ठेवण्याची तयारी दर्शविणे होय. यानंतर सर्वांना एकच प्रशासक-पासवर्ड दिला जातो. काम सुरू होते आणि तात्पुरता म्हणून केलेला बदल कायम राहतो.

या पद्धतीच्या बाजूने मांडले जाणारे समर्थन अगदीच निराधार नाही. लहान संस्थेत जाळ्याचा स्वतंत्र तज्ज्ञ नसतो. प्रवेश-अर्जाची किंवा परीक्षा-अर्जाची मुदत उद्या संपणार असते. खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग लागलेली असते. अशा वेळी चालू करून देणारा माणूस उपकारकर्ता ठरतो. फायरवॉल काही क्षण बंद करून पाहणे हे निदानाचे साधन म्हणून नियंत्रित परिस्थितीत समजण्यासारखेही आहे. परंतु निदानाचे साधन आणि उपाय यांतील भेद पुसला गेला की धोका सुरू होतो. ताप मोजून झाल्यावर थर्मामीटर रोग्याच्या तोंडात ठेवून कोणी निघून जात नाही.

हा धोका काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तो विंडोजच्या फाइल-वाटपाच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरील एका उणिवेतून. ती उणीव दूर करणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती आणि ज्यांच्या जाळ्यात अंतर्गत सीमा नव्हत्या, तेथे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर हा प्रोग्राम मुक्तपणे पसरू शकला. सबनेटची सीमा व्यवस्थापकाला अडविते, त्याच कारणाने ती आक्रमकालाही अडविते. पहिला अडथळा दूर करताना दुसरा शाबूत ठेवणे हेच खरे कौशल्य होय.

हे कौशल्य फारसे गुंतागुंतीचे नाही. सर्व्हरचे जाळे चुकून ‘सार्वजनिक’ गणले गेले असेल तर प्रथम तो प्रकार दुरुस्त करावा. तेवढ्याने न भागल्यास संपूर्ण फायरवॉल न उघडता, व्यवस्थापकाच्या एका सबनेटला किंवा त्याहून चांगले म्हणजे एकाच संगणकाला, एकाच पोर्टपुरती परवानगी द्यावी. सर्व कारभार त्या एका मध्यस्थ संगणकावरून करावा. लिनक्स सर्व्हरच्या बाबतीत १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी निर्माण केलेल्या एसएसएच या पद्धतीलाही हाच न्याय लागू होतो. जुनी डीकॉम-आधारित साधने १३५ क्रमांकाच्या पोर्टबरोबर ४९१५२ ते ६५५३५ या विस्तृत पट्ट्यातील पोर्ट मागतात, म्हणून सबनेटच्या सीमेवर ती गैरसोयीची ठरतात. एकाच ठरावीक पोर्टवर चालणारी साधने येथे अधिक उपयुक्त होत.

दूरस्थतेची मर्यादा

सीमा योग्य प्रकारे ओलांडली तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्या जाळ्याची दुरुस्ती करावयाची, त्याच जाळ्यावरून दुरुस्ती करणारा येत असेल तर काय? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यावर देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांची केंद्रे परस्परांपासून तुटली, डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले आणि सुमारे सहा तास सेवा बंद राहिली. अभियंत्यांना दुरून प्रवेश मिळेना. त्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या कंपनीच्या जाळ्याचेही असेच झाले. तेथे व्यवस्थापनाचे जाळे मुख्य जाळ्यावरच अवलंबून होते. अवाढव्य साधनसामग्री असलेल्या संस्थांची ही स्थिती असेल, तर दूरस्थ व्यवस्थापनाने स्थानिक माणसाची गरज संपते हा समज टिकत नाही.

यावरील तांत्रिक उपाय म्हणजे व्यवस्थापनासाठी वेगळा मार्ग ठेवणे. इंटेल, डेल, एचपी व एनईसी यांनी १९९८ साली पुढे आणलेल्या आयपीएमआय या मानकानुसार सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. मुख्य प्रणाली बंद असतानाही तो स्वतःच्या पत्त्यावर उत्तर देतो. सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉयशी संपर्क साधता यावा म्हणून ब्रिटिश सरकारने बसविलेला दूरध्वनी जतन केलेला आहे. ठरावीक कामासाठी ठेवलेला वेगळा मार्ग ही कल्पना तेथेही दिसते. मात्र अशा मार्गाचे सामर्थ्य हाच त्याचा धोका असतो. आयपीएमआयच्या ओळखपद्धतीतील गंभीर उणिवा २०१३ मध्ये उजेडात आल्या, म्हणून तो मार्ग सर्वसाधारण सबनेटमध्ये उघडा ठेवणे अनिष्ट ठरते. दूरून संगणक सुरू करणाऱ्या वेक-ऑन-लॅन या सोयीचीही मर्यादा येथे ध्यानात घ्यावी. तिची हाक सामान्यतः सबनेटपुरतीच असते. दुसऱ्या सबनेटकडे उद्देशून मारलेली सामूहिक हाक राऊटरने आपणहून पुढे पाठवू नये, असे १९९९ साली प्रमाणित झाले, कारण त्या सोयीचा आक्रमणासाठी गैरवापर होत होता. येथेही नकारामागे विचार आहे.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. राज्याच्या विस्तृत जाळ्याची रचना मंत्रालय, विभाग, जिल्हा आणि तालुका अशी उतरंडीची आहे आणि राज्याचे माहिती केंद्र मुंबईत आहे. या रचनेत आष्टीच्या कार्यालयातील माणूस आणि त्याला लागणारा सर्व्हर यांच्यामध्ये अनेक सीमा असणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी कोणत्या सीमेवर नकार मिळाला, हे सांगण्याचे साधन तालुक्याच्या ठिकाणी नसेल, तर ‘सर्व्हर डाऊन’ याखेरीज दुसरे उत्तर त्या माणसाजवळ असू शकत नाही. सातबाऱ्यासाठी किंवा दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला शेतकरी ते उत्तर घेऊन परत जातो. कोणाकडे दाद मागावी, हेही त्याला कळत नाही. निदानातील संदिग्धता अशा रीतीने उत्तरदायित्वातील संदिग्धता बनते.

विकेंद्रीकरणाचा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांनी येथील मगनवाडीतून चालविले आणि उत्पादनाचे साधन व त्यावरील नियंत्रण माणसाच्या आवाक्यात असावे, हा आग्रह धरला. सर्व्हर प्रत्येक तालुक्यात असावा, असा याचा शब्दशः अर्थ घेणे अव्यवहार्य ठरेल. केंद्रीकृत साठवणीचे सुरक्षिततेचे व खर्चाचे लाभ नाकारता येत नाहीत. परंतु यंत्र दूर असले तरी त्याच्या नकाराचे ज्ञान जवळ असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. कोणती पट्टी कोणाची, कोणता नियम कोणी व कधी घातला, त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला, याचा एक पानाचा मराठीतील तक्ता प्रत्येक कार्यालयात व महाविद्यालयात असणे खर्चिक नाही. ज्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकविले जाते, तेथे विद्यार्थ्यांना आपल्याच संस्थेचा असा तक्ता करावयास लावणे हा प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय होऊ शकेल.

निष्कर्ष

सबनेटच्या सीमेवरील दूरस्थ व्यवस्थापनाच्या प्रचलित दोषनिवारण पद्धतीत तीन उणिवा दिसून येतात. एक, उत्तर न येणे, तत्काळ नकार आणि अधिकाराचा नकार यांत भेद केला जात नाही. दोन, गेटवे, मास्क, नाव व पत्त्याची द्विरुक्ती या प्राथमिक बाबी तपासण्यापूर्वीच संरक्षण काढून टाकले जाते. तीन, काम सुरू झाल्यावर सीमा पूर्ववत केली जात नाही आणि बदलाची नोंदही राहत नाही. म्हणून नकार कोणी दिला, कोणत्या नियमाने दिला आणि तो नियम कशासाठी आहे, हे तीन प्रश्न कोणत्याही दुरुस्तीच्या आधी विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावर करावयाची दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. शेगावचे सेवाग्राम झाले त्यासाठी टपालाचे नियम मोडावे लागले नाहीत. पत्ता नेमका करणे पुरेसे ठरले.